बोटाने लागणारं दार

अण्णांनी आयुष्यभर दारं बसवली. घरांची, दुकानांची, शाळांची, एका दवाखान्याची तर झाडून सगळी. त्यांच्या हातचं दार लोटलं की मधेच अडायचं नाही, उघडं ठेवलं की आपोआप मिटायचं नाही आणि मिटताना आवाज करायचं नाही. "दाराने बोलायचं नसतं," असं ते म्हणायचे. हे वाक्य त्यांच्या बायकोने इतक्यांदा ऐकलं होतं, की कुणाकडे गेल्यावर दार करकरलं तर ती आधीच नवऱ्याकडे बघायची आणि डोळ्यांनीच गप्प राहायला सांगायची.

आणि अशा माणसाच्या घरासमोर रोज एक पिकअप उभी असायची, जिची दोन्ही दारं सगळ्या गल्लीला ऐकू जातील इतकी बोलायची.

गाडी त्यांच्या लेकीची. लहानपणी काटकुळी होती म्हणून तिला घरात चिमणी म्हणायचे. आता तिने चाळिशी ओलांडली होती, माणसाच्या उंचीची काच एकटीने पेलण्याइतके दंड कमावले होते, तरी नाव तेच राहिलं. दोन गल्ल्या सोडून तिचं काचेचं दुकान होतं. खिडक्यांच्या काचा, टेबलांच्या काचा, आरसे. गाडी तिने जुनीच घेतली होती. मागे काचा उभ्या ठेवायला लाकडी घोडी बसवली होती, तिला रबराच्या पट्ट्या लावल्या होत्या, इंजिन ती स्वतः लक्ष घालून ठीक ठेवायची. दारांकडे मात्र दुर्लक्ष झालं ते झालंच.

ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं की त्याचं मागचं टोक गपकन खाली यायचं. लावताना ते एका हाताने हँडलला धरून उचलायचं, खालून गुडघा द्यायचा आणि मग अंगातला सगळा जोर काढून आपटायचं. डाव्या बाजूचं दार याहून बिलंदर होतं. ते लागल्यासारखं दाखवायचं आणि मनात आलं की सुटायचं, म्हणून चिमणीने त्याला आतून दोरी घालून सीटच्या पायाला बांधलं होतं.

रोज सकाळी अण्णा ओट्यावर चहा घेत बसलेले असायचे. चिमणी गाडीत चढली की ते कप खाली ठेवायचे, डोळे मिटायचे आणि तो दणका होऊन गेला की पुन्हा कप उचलायचे. बोलायचे मात्र एक अक्षर नाही.

त्यामागे एक जुना रुसवा होता. चिमणी लहानाची मोठी झाली ती त्यांच्या सुतारखान्यातच. रंधा मारणं, गुण्या लावून काटकोन बघणं, बिजागरीची खाच कोरणं, सगळं तिला यायचं. पुढे दुकान तीच चालवणार, हे अण्णांनी मनाशी धरून ठेवलं होतं. आणि एक दिवस तिने सांगितलं, मला काचेचं काम शिकायचंय. अण्णा ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "लाकूड चुकलं तर त्याचा पाट तरी होतो. काच चुकली तर केरसुणी आणावी लागते." ती शिकली, तिने दुकान थाटलं, चांगलं चालवलं. अण्णांची बोटं आखडायला लागली तेव्हा त्यांनी सुतारखाना बंद केला. बापलेकीत भांडण असं कधी झालं नाही. एका ताटात जेवतील इतकं गोड होतं. फक्त कामाबद्दल दोघं एकमेकांशी बोलायचे नाहीत. गाडीच्या दाराचा विषय कुणी काढलाच, तर अण्णा म्हणायचे, "लोखंडाचं मला कळत नाही," आणि उठून आत जायचे.

त्या सकाळी चिमणीला एक मोठा आरसा पोचवायचा होता. नाच शिकवणाऱ्या एका बाईंच्या वर्गासाठी, जवळजवळ भिंत भरेल असा. ओझी उचलायला तिच्याकडे जो माणूस असायचा, तो तापाने आडवा झाला होता. ओट्यावरून अण्णांनी तिची धावपळ बघितली आणि म्हणाले, "मी येतो. उचलणार नाही, पण धरू तरी शकतो."

"दार धरून बसावं लागेल," चिमणी म्हणाली.

"बसतो."

अर्ध्या वाटेपर्यंत सगळं ठीक होतं. मग एका वळणावर डावं दार सुटलं, वर्षानुवर्षं घासलेली दोरी तुटली आणि दार सताड उघडलं. दार धरून बसलेले अण्णाही दाराबरोबर निघाले. चिमणीने एका हाताने स्टेअरिंग आवळलं, दुसऱ्याने त्यांच्या सदऱ्याची कॉलर पकडली आणि कचकन ब्रेक मारला. सदऱ्याची बटणं तुटून उडाली. अण्णांचं अर्धं अंग बाहेर, अर्धं आत, आणि एक चप्पल रस्त्यावर.

मागून येणाऱ्या सायकलवाल्याने चप्पल उचलून आणून दिली. भला माणूस होता. काळजीने म्हणाला, "काका, दार नीट लावून बसत जा."

अण्णांनी त्याचे आभार मानले. खरचटलंही नव्हतं. पण ते वाक्य मनात जाऊन बसलं, आणि पुढे वाटभर त्यांनी दार दोन्ही हातांनी आवळून धरलं.

नाचाच्या वर्गापाशी पोचले तेव्हा चिमणीचं मन अजून त्या वळणावरच होतं. ती उतरली आणि सवयीने, काही लक्षात यायच्या आत, दार उचललं, गुडघा दिला आणि आपटलं. मागून एक बारीकसा आवाज आला, वाळकी काडी मोडावी तसा.

ब्रेकच्या हिसक्याने आरसा घोडीवरून थोडा सरकला असावा. दणका बसला तो नेमका कोपऱ्याला. वरच्या कोपऱ्यातून निघालेली भेग तिरकी मध्यापर्यंत आली होती.

बाई बाहेर आल्या, त्यांच्या मागून वर्गातल्या चार-सहा बायका आल्या. चिमणी सरळ उभी राहिली आणि म्हणाली, "आरसा तडकलाय. चूक माझी आहे. नवा आणून देते, थोडे दिवस द्या."

"तुम्हाला कुणाला लागलं नाही ना?" बाईंनी विचारलं. पण मागून एकजण सहज बोलून गेली, "दार असं आपटल्यावर आरसा बिचारा काय करणार."

खोटं काय होतं त्यात. चिमणीचे कान लाल झाले. लहानपणी मापात चूक करून फळी आखूड कापली, की तिचे कान अस्सेच लाल व्हायचे. अण्णांनी ते बघितलं. आरशाचं त्यांना काही नव्हतं. आपल्या पोरीची मान एका दारापायी खाली गेली, आणि ते दार रोज आपल्या ओट्यासमोर उभं होतं, हे त्यांना सोसवेना.

परतताना ती गाडी तशीच गॅरेजवर घेऊन गेली. गॅरेजवाल्याने दारं उघडून बघितली, हात झटकले आणि म्हणाला, "ताई, या गाडीची दारं आता बाजारात मिळत नाहीत. सांगाल तर दोन्हीकडे बाहेरून कडी ठोकून देतो. आतून दोरी ओढली की उघडेल."

"ठोका," चिमणी थकून म्हणाली.

"कडी नको," अण्णा म्हणाले.

दोघांनी त्यांच्याकडे बघितलं. बटणं तुटलेल्या सदऱ्यात अण्णा काही फार रुबाबदार दिसत नव्हते, पण आवाज सुतारखान्यातला होता. "बाहेरून कडी गोठ्याला लावतात. माझी मुलगी यात बसते."

त्यांनी दार अर्धवट उघडलं, दोन्ही तळवे खालच्या कडेला लावले आणि टोक हळूच वर उचललं, सोडलं, पुन्हा उचललं. खडक, खडक.

"चिमणे, इकडे ये. मी उचलतो, तू वरच्या बिजागरीकडे बघ."

तिने वाकून बघितलं. दार वर जात होतं, पण बिजागरी जागची हलत नव्हती. तिच्यातली पिन नुसती नाचत होती.

"दार चांगलं आहे," अण्णा म्हणाले. "पत्रा शाबूत, चौकट सरळ. बिजागरीत जीव नाही, म्हणून लोंबतंय. दार लोंबतंय म्हणून कुलूप जागेवर पोचत नाही. आणि पोचत नाही म्हणून आपण आपटतोय."

"लोखंडाचं तुम्हाला कळत नाही ना?" चिमणीने विचारलं.

"लोखंडाचं नाही कळत. लोंबण्याचं कळतं."

रविवारी दुकान बंद होतं. चिमणीने गाडी घरासमोर सावलीत लावली. आदल्या संध्याकाळीच तिने बिजागऱ्यांमध्ये तेल सोडून ठेवलं होतं. चिमणीच्या आईने जमिनीवर जुनी चादर अंथरली, म्हणजे स्क्रू हरवणार नाहीत, आणि स्वतः ओट्यावर भाजी निवडायला बसली. भाजी थोडीच होती, पण तिला बघायचं होतं.

बिजागरीच्या पट्ट्यांभोवती अण्णांनी आधी पेन्सिलीने रेघ ओढली, जुनी जागा कळावी म्हणून. चिमणीने दाराखाली जॅक लावला, त्यावर फळी, फळीवर घडी घातलेलं पांघरूण, आणि दाराचा भार अलगद त्याच्यावर घेतला. मग पिन काढायची वेळ आली. हातोडी अण्णांनी उचलली. पहिला ठोका बरोबर बसला. दुसऱ्याला बोटं उघडली, हातोडी घसरली आणि बिजागरी बसवलेल्या गाडीच्या खांबाच्या रंगावर पांढरा ओरखडा उठला. अण्णा हाताकडे बघत राहिले. मूठ पुरती आवळतच नव्हती.

चिमणीने नुसता हात पुढे केला. त्यांनी हातोडी तिच्या हातात दिली.

तिने दांडा टोकाशी धरला, मनगट सैल ठेवलं, एकदा हातोडी पिनेला नुसती टेकवून अंदाज घेतला आणि एकच सरळ ठोका दिला. पिन निम्मी वर आली. दुसऱ्या ठोक्याला चादरीवर पडली.

दांडा टोकाशी धरायला अण्णांनीच तिला शिकवलं होतं, ती त्यांच्या कमरेएवढी होती तेव्हा. काचेच्या धंद्यात हातोडीचं काय काम, ती विसरली असेल, असं इतकी वर्षं त्यांना वाटत होतं. हात काहीही विसरला नव्हता. अण्णांनी बायकोकडे बघितलं. तिने भाजीतून मान वर केली आणि 'बघितलं मी' अशा अर्थाने मान हलवली.

पिना आणि बिजागऱ्या घेऊन चिमणी कोपऱ्यावरच्या लेथवाल्याकडे गेली, अण्णाही मागोमाग. लेथवाला अण्णांचा जुना दोस्त, रविवारीही दुकानातच सापडणारा. मधे झिजून बारीक झालेली पिन त्याने उजेडात धरली. "अण्णा, ही पिन नाही, मुंगी आहे. कंबर बघा हिची." बिजागरीची भोकंही झिजून लांबट झाली होती. ती त्याने गोल करून घेतली, त्यात बसतील असे पितळेचे बुश, म्हणजे छोट्या नळ्या, कातून दिले आणि नव्या पिना केल्या. पिन बुशमध्ये घालून चिमणीने बोटाने हलवून बघितली. हलली नाही. गोल मात्र लोण्यासारखी फिरली.

मग कुलूप. दाराच्या आतला पत्रा काढून चिमणीने ते बाहेर घेतलं तेव्हा आत जुन्या ग्रीसचं डांबर झालेलं, त्यात रेती, काचेची कच आणि तिची कधीतरी हरवलेली केसांची पिन. अण्णांनी परातीत रॉकेल घेतलं आणि ब्रशने एकेक भाग धुतला. दार ज्या खांबाला येऊन लागतं त्याच्यावरच्या खुंट्याला पकडणारा लोखंडी पंजा हा त्या कुलपाचा जीव. त्याचा दात घासून गोटा झाला होता, स्प्रिंग मेली होती. लेथवाल्याने दातावर वेल्डिंगचा थेंब दिला, आणि त्याला आकार द्यायला अण्णा कानस घेऊन बसले. कानशीला घट्ट मूठ लागत नाही, तळव्यांनी रेटलं तरी चालतं. ते घासत राहिले, पंजा बसवून बघत राहिले, पुन्हा घासत राहिले. शेवटी नव्या स्प्रिंगसह पंजा बसवला आणि पेचकसाने ढकलला. टक, टक. पहिल्या आवाजाला दार अडकतं, दुसऱ्याला लागतं. दोन्ही आवाज स्वच्छ आले.

"जेवून घ्या," चिमणीची आई म्हणाली. कुणी उठलं नाही, तेव्हा तिने ताटं बाहेरच आणून दिली.

दुपारी दार पुन्हा चढवलं. खुंटा चिमणीने आधीच काढून ठेवला होता, म्हणजे दार कशालाही न अडकता आपल्या जागी बसतं की नाही ते कळेल. जॅक काढला. दार खडकलं नाही, लोंबलं नाही. पण चौकटीतली फट बघितली तर मागचं टोक अजून केसभर खाली होतं. अण्णा दमले होते. घामाने चष्मा घसरत होता.

"राहू दे," ते म्हणाले. "एवढंसं आहे. खुंटा तेवढा खाली घे. चालून जाईल."

चिमणीने खांबाकडे बोट दाखवलं. जिथे खुंटा होता, त्याच्या वर रंगात जुन्या खुणा होत्या, एकीखाली एक. "बघा. दर वेळी हेच केलंय सगळ्यांनी. दार खाली आलं, खुंटा खाली घेतला. दार आणखी खाली आलं, खुंटा आणखी खाली. आता तुम्हीही तेच सांगताय?" मग आवाज जरा खाली आणून ती म्हणाली, "चौकट दाराच्या मागे धावत नाही, दाराने चौकटीत यायचं. हे मला कुणी शिकवलं?"

अण्णांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा लावला. बरोबरचा कारागीर आपली चूक आपल्याच शब्दांत दाखवतो तेव्हा राग यायला हवा. त्यांना आला नाही.

"खालच्या बिजागरीमागे," त्यांनी सुरुवात केली.

"पत्रा," ती म्हणाली. तेलाच्या डब्यातून कापलेली पातळ पट्टी तिच्या हातात तयारच होती. घराच्या दाराला अण्णा पुठ्ठा घालायचे, तेच. खालच्या बिजागरीमागे एवढीशी भर दिली की दाराचं मागचं टोक वर उठतं. तिने बोल्ट सैल केले, पट्टी सरकवली, बोल्ट आवळले. फट वरपासून खालपर्यंत सारखी झाली, रेघेसारखी. मग खुंटा तिने सगळ्यात वरच्या, मूळच्या खुणेवर बसवला.

"लाव," अण्णा म्हणाले.

तिने सवयीने गुडघा पुढे केला.

"गुडघा नाही. बोटाने."

तिने एक बोट दाराला लावलं आणि ढकललं. टक, टक. बस, एवढंच. चिमणी दाराकडे बघत राहिली. मग तिने ते उघडलं, पुन्हा बोटाने लावलं. मग आईला बोलावलं. आईने हात पदराला पुसले, येऊन करंगळीने लावलं आणि म्हणाली, "आता आपल्या न्हाणीघराच्या दाराचंही बघा."

डावं दार चिमणीने एकटीने केलं. अण्णा खुर्ची टाकून समोर बसले आणि एकही सूचना करायची नाही असं त्यांनी ठरवलं. हे त्यांना दिवसभरातलं सगळ्यात जड गेलं. मधे एकदा त्यांचा हात आपोआप वर गेला, तोंड उघडलं आणि मिटलं. "बोला," बायको म्हणाली, "नाहीतर पोट दुखेल." पण बोलायची गरजच पडली नाही. त्यांनी जे सांगितलं असतं, ते ती अर्धा श्वास आधी करत होती. उन्हं कलली तेव्हा तेही दार बोटाने लागलं.

दुसऱ्या दिवशी चिमणी दुकानात गेली. मागाहून समोरच्या वहिनी ओट्यापाशी आल्या आणि विचारू लागल्या, "आज चिमणी कामाला गेली नाही का? बरं आहे ना तिला? गाडीचा आवाज आला नाही."

"केव्हाच गेली," अण्णा म्हणाले. एवढंच बोलले, पण दिवसभर ते त्यांना पुरलं.

नवा आरसा तयार झाला तोवर चिमणीचा माणूसही बरा झाला होता. तो मागे आरशापाशी बसला. अण्णांची खरं तर गरज नव्हती, पण ते सकाळीच इस्त्रीचा सदरा घालून डाव्या सीटवर जाऊन बसले होते आणि त्यांना उतरवायची कुणाची छाती नव्हती. वाटेत ते वळण आलं. चिमणीने एक नजर त्यांच्याकडे टाकली. अण्णा हात मांडीवर ठेवून, समोर बघत बसले होते. दार धरायचं त्यांच्या मनातही नव्हतं.

आरसा उतरवला, भिंतीला लावला, कुठेही ओरखडा नाही. नाचाच्या बाई खूश झाल्या. बायका लगेच आरशासमोर उभ्या राहून आपापली पाठ सरळ करू लागल्या. दार आपटल्याचं बोललेली बाई त्यांच्यातच होती. चिमणी तिच्याशी हसून दोन शब्द बोलली आणि बाहेर आली.

"चला, घरी सोडते," ती अण्णांना म्हणाली.

"मला जरा लेथवाल्याकडे काम आहे," अण्णा म्हणाले.

लेथवाल्याकडे त्यांचं काम एवढंच होतं, की गाडीतून उतरायचं, दार लावायचं, त्याला दाखवायचं आणि परत बसायचं. मग त्यांना खिळे घ्यायचे आठवले. हार्डवेअरच्या दुकानासमोर गाडी थांबली, दार उघडलं, लागलं. खिळे काही घेतले नाहीत. मग गॅरेज. गॅरेजवाल्याने दार उघडलं, लावलं, खाली वाकून बिजागरी बघितली, पत्र्याची पट्टी बघितली आणि मोकळेपणाने म्हणाला, "मला नसतं जमलं एवढं. एवढा वेळ कुणी देत नाही." अण्णांनी त्याच्या पाठीवर थाप मारली.

शेवटी केशकर्तनालय. अण्णांचे केस आधीच्याच आठवड्यात कापून झाले होते. तरी त्यांनी गाडी थांबवायला लावली आणि न्हाव्याला बाहेर बोलावलं. तो हातात कात्री घेऊनच आला, आणि त्याच्या मागून गळ्याला कापड गुंडाळलेलं, डोकं अर्धं भादरलेलं गिऱ्हाईकही आलं.

"बोट लाव," अण्णा म्हणाले.

न्हाव्याने बोट लावलं. टक, टक.

"वा," तो म्हणाला. "हात आखडला म्हणता आणि अशी दारं बसवता?"

"मी नाही," अण्णा म्हणाले. आवाज त्यांनी मुद्दाम चढवला नव्हता, पण गाडीच्या काचा खाली होत्या. "मी जरा कानस मारली, पेन्सिलीने रेघा ओढल्या. काम माझ्या मुलीचं. मधे मी चुकीचं सांगत होतो, तिने ऐकलं नाही. कारागीर आहे ती."

स्टेअरिंगमागे चिमणी समोरच्या काचेवरचा एक डाग नखाने खरवडत बसली होती. डाग बाहेरच्या बाजूने होता, निघणार नव्हता. तिचे कान पुन्हा लाल झाले होते.

"अण्णा, चला आता," ती म्हणाली. "दुकान उघडायचंय मला."

"येतो, येतो," अण्णा म्हणाले, आणि गाडीला वळसा घालून तिच्या बाजूला आले. "यांना जरा दुसरं दार दाखवू दे."